उतरायची जागा आणि वसायची जागा
(भिवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा अट एकच घातली होती. विषय गावाच्या उपयोगाचा हवा. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो त्यांना उपयोगाचंच बोललेलं आवडायचं, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून भारदस्त मथळा बाजूला ठेवून मी रोजचा प्रश्न घेतला आहे. मोठ्या शहरात, किंवा त्याच्या वेशीवर, नव्यानं येणाऱ्या माणसानं राहायला वस्ती कशी निवडावी? खिशाला परवडेल अशी, आणि जिथे सगळेच आपल्यासारखे नसतील अशी.

दुसऱ्या अटीवर काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परवडणारं घर हवं हे कुणालाही कळतं. मिश्र वस्ती हा मात्र भाषणातला शब्द वाटतो. दोन पोरांची आई घर बघायला निघते ती काही राष्ट्रीय एकात्मता बघायला निघत नाही. तिला पाण्याची वेळ बघायची असते, शाळा बघायची असते, नवरा रात्रपाळीला गेल्यावर शेजार कसा असेल हे जोखायचं असतं. माझं म्हणणं इतकंच, की शेजारी कोण राहतं हा प्रश्न त्याच यादीतला आहे. पाणी आणि शाळा त्याच्यावर अवलंबून असतात. हे बोलायला भिवंडीइतकं योग्य गाव मला दुसरं दिसत नाही, कारण या गावानं तुटून राहण्याच्या आणि मिसळून राहण्याच्या दोन्ही बाजू भोगल्या आहेत.

आधी उलट बाजू नीट मांडतो, नाहीतर ती तुम्ही भाषणानंतर चहाच्या वेळी मांडालच. माणूस आपल्या माणसांत उतरला तर बिघडलं काय? काहीच नाही. कोकणातला चाकरमानी लालबाग-परळला यायचा तो गावकऱ्यांच्या खोलीत. गावाच्या मंडळानं एक गाळा भाड्यानं घेतलेला असायचा. भिंतीला ट्रंका, वर वळकट्या, दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रात्रपाळीवाला आडवा. गोव्याहून आलेले खलाशी, आचारी आणि बँडवाले धोबीतलावच्या कुडींत उतरायचे, आणि प्रत्येक गावाची कूड वेगळी. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. हे जाळं नसतं तर मुंबईच्या गिरण्यांना माणूस मिळाला नसता. खिशात पैसे नाहीत, कुणी ओळखत नाही, ताप आला तर गावी निरोप कोण धाडणार, अशा माणसाला 'तू आपल्याच लोकांत का राहतोस' असं विचारणं हा पोटभरल्या माणसाचा प्रश्न आहे.

भिवंडीतही असंच चालतं. उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला पोरगा शांतीनगरला किंवा गैबीनगरला गाववाल्याकडे उतरतो. मागाच्या शेडवरच्या पोटमाळ्यावर, नाहीतर शेजारच्या खोलीत दहा-बारा जणांत त्याची पथारी पडते. जेवण बिस्सीत. मुंबईकरांसाठी सांगतो, बिस्सी म्हणजे मागवाल्यांची खानावळ. तिथे नाव लिहिलेली वही असते, पगार झाला की खातं चुकतं होतं. वहीतलं नाव हीच त्या पोराची या शहरातली पहिली नोंद. रेशनकार्ड नाही, मतदारयादीत नाव नाही, भाडेकरार नाही, पण बिस्सीच्या वहीत तो आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी पद्मानगर वसवलं ते याच रीतीनं.

तर उतरावं आपल्या माणसांत. अडचण होते ती उतरायची जागा हीच कायमची वसायची जागा झाली म्हणजे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीत ७,०९,६६५ माणसं मोजली गेली. त्यांत हजार पुरुषांमागे बायका सुमारे ७०९. एवढी तफावत निसर्गाची नसते. ती सांगते की पुरुष आले, बायका-मुलं मागे राहिली. म्हणजे भिवंडी अजून बऱ्याच अंशी उतरलेलंच गाव आहे. वसलेलं नाही. ज्या दिवशी तो मागवाला बायको-मुलांना आणायचं ठरवतो, त्या दिवशी पोटमाळा आणि बिस्सी पुरत नाही. मग तो खोली शोधायला निघतो, आणि माझा विषय तिथून सुरू होतो.

या गावात कोण कधी आलं, हे थोडक्यात सांगतो. तुम्हाला ते माहीत आहे, पण एका दमात ऐकलं तर वेगळं वाटतं. खाडीकाठचं हे जुनं बंदर. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, ब्राह्मण आळी, कासार आळी हा जुना थर. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतले मोमीन-अन्सारी विणकर हातमाग घेऊन आले. विसाव्या शतकात वीज आली आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या बसल्या आणि कापडाचं काम आणखी इकडे सरकलं. मग जकात चुकवणारी, स्वस्त जमीन शोधणारी गोदामं काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोलीच्या भातशेतांवर उभी राहिली. आज घरबसल्या फोनवर मागवलेली वस्तू मुंबईतल्या तुमच्या दारात येते ती बहुतेक वेळा याच तालुक्यातून. प्रत्येक खेपेला माणूस कामासाठी आला. इथे कुणी 'विविधता' ठरवून लावलेली नाही, कामाला हात हवे होते म्हणून ती झाली.

कापडाचा एक तागा घ्या. सुताचा व्यापारी गुजराती किंवा मारवाडी. माग अन्सारींचा, पद्मशालींचा किंवा आगऱ्याचा. माग चालवणारा आझमगडचा नाहीतर दरभंग्याचा. कांडी भरणारी बाई तेलुगू. ग्रे कापड टेम्पोत चढवणारा बीडचा किंवा नांदेडचा. एका ताग्यावर एवढ्या भाषांचे हात फिरतात. आणि पाळी सुटली की हे सगळे हात आपापल्या मोहल्ल्यात, आळीत, नगरात, पाड्यात परत जातात. कामाच्या जागी भिवंडी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराइतकी मिसळलेली आहे. झोपायच्या जागी तशी नाही. शहराची टक्केवारी बघून 'भिवंडी मिश्र आहे' म्हणणाऱ्यानं एकदा निजामपुऱ्यातून ब्राह्मण आळीत आणि तिथून पद्मानगरात चालत जावं. दुकानांच्या पाट्यांची लिपी दोनदा बदलते.

असं का होतं? लोक द्वेष करतात म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एक साधा खेळ मांडला. पट आखायचा, दोन प्रकारची नाणी त्यावर विखरून ठेवायची. प्रत्येक नाण्याचा नियम एकच: आजूबाजूला काही शेजारी तरी माझ्यासारखे असावेत, अगदी एकटं पडायला नको. सगळे माझ्यासारखेच हवेत असं कुणाचंच म्हणणं नाही. ज्याला एकटं वाटतं तो उठून रिकाम्या घरात जातो. काही फेऱ्यांनंतर पटावर दोन वेगळे पट्टे पडलेले असतात. कुणालाही पूर्ण वेगळं व्हायचं नव्हतं आणि सगळे वेगळे झाले. शेलिंग यांना पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्यांच्या नाण्यांना दंगल माहीत नव्हती. आपल्याला आहे. सौम्य आवडीतून एवढं घडतं, तर भीतीतून काय घडत असेल?

७ मे १९७०, शिवजयंतीची मिरवणूक, आणि नंतर भिवंडीत जी दंगल झाली तिची न्यायमूर्ती मादन आयोगानं तपशीलवार चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा. त्या वेळी भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेहून जास्त माणसं मेली. या सभागृहात अशी माणसं बसली असतील ज्यांनी त्यानंतर घर बदललं. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मिश्र गल्लीतून उठून आपल्या मोहल्ल्यात जाणं त्या वेळी शहाणपणाचंच होतं. पण त्या हजार शहाणपणांची बेरीज होऊन आजचा नकाशा झाला, एवढं लक्षात ठेवू. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर तेच झालं, आणि खाडीपलीकडचं मुंब्रा फुगलं ते त्या बेरजेतूनच.

आता याच गावाची दुसरी बाजू. १९८८ साली सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. शांतता समित्या आधीही होत्या, पण त्यांत पुढारी असायचे, आणि पुढारी दंगल झाल्यावर जमायचे. खोपडे यांनी बीटच्या साध्या पोलिसाला त्या गल्लीतली साधी माणसं जमवायला लावलं. दोन्ही समाजांची. बैठकीत विषय काय? गटार तुंबलं, लाइट गेली, रिक्षावाल्याशी भांडण, पोराला कुणी मारलं. धर्म हा विषयच नव्हता. पण आठवड्यामागून आठवडे गटारावर भांडलेली माणसं एकमेकांची नावं, स्वभाव, पोरंबाळं ओळखू लागली. पुढे गुलाबराव पोळ यांनी ते काम चालू ठेवलं. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई पेटली. भिवंडी, जिच्या नावानं पोलिसांच्या पोटात गोळा यायचा ती भिवंडी, शांत राहिली. अफवा आली की समितीतला माणूस पलीकडच्या समितीतल्या माणसाला गाठून खरं-खोटं करायचा. अमेरिकेत शिकवणारे राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली. मुंबईनं तो १९९३ नंतर उचलला.

हा प्रयोग मी रंगवून सांगत नाही. २००६ च्या जुलैमध्ये याच शहरात जमावाच्या हातून दोन पोलीस शिपाई मारले गेले, हेही आपल्या हिशेबात धरलं पाहिजे. समिती ही एकदा लावून मोकळं व्हायची गोष्ट नव्हे. आणि मला त्यातून दिसतं ते असं: जिथे माणसं आपोआप भेटत नाहीत तिथे त्यांना भेटवायला पोलिसांना बैठका घ्याव्या लागतात. जिथे नळ, शाळा, किराणा आणि जिना एक असतो तिथे ती बैठक रोजच होते, आणि तिला बंदोबस्त लागत नाही.

पाणी आणि शाळा शेजाऱ्यावर अवलंबून असतात असं मी सुरुवातीला म्हणालो. त्याला आधार आहे. सॅम आशेर, पॉल नोवोसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये भारतातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहरी मुस्लिमांपैकी सुमारे चौथा हिस्सा अशा वस्त्यांत राहतो जिथे पाचांतली चार घरं मुस्लिमांचीच आहेत. दलितांचंही थोड्या कमी प्रमाणात तसंच. आणि एकाच शहरात अशा एकरंगी वस्त्यांना सरकारी माध्यमिक शाळा, दवाखाने, नळ, गटारं कमी मिळतात. आई-वडिलांचं शिक्षण आणि घरची ऐपत सारखी धरली तरी तिथली मुलं शिकण्यात मागे राहतात. म्हणजे वस्ती वेगळी झाली की तिला टाळणं सोपं होतं. नगरसेवकाला, अधिकाऱ्याला, रुग्णवाहिकेच्या चालकालाही. मिश्र गल्लीत नळ बंद झाला तर बोंब चार भाषांत उठते, आणि चार पक्षांच्या कार्यालयांत पोचते. घर बघायला निघालेल्या त्या आईसाठी हा मुद्दा मला सर्वांत व्यवहाराचा वाटतो.

आता स्वस्ताईबद्दल. भिवंडीत घर स्वस्त का? ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की दर उतरतो, हे प्रत्येक दलाल सांगतो. का उतरतो ते तो सांगत नाही. काही कारणं सोसण्याजोगी आहेत. रेल्वेचं स्टेशन आहे, 'भिवंडी रोड', पण ते वसई-दिवा मार्गावर, आणि त्या मार्गावर गाड्या मोजक्या. त्यामुळे ठाण्याला, कल्याणला जायचं ते रिक्षानं, बसनं, कंटेनरच्या रांगेत. २०२४ मध्ये माणकोली-मोठागाव पूल खुला झाल्यावर डोंबिवली जवळ आली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, आणि बिल्डरांच्या जाहिरातीत ती तेव्हापासूनच धावते आहे. भाडं ठरवताना प्रवासाचे पैसे आणि प्रवासाचे तास त्यात मिळवावेत, मग स्वस्ताई किती उरते ते बघावं.

काही कारणं मात्र सोसण्याजोगी नाहीत. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत कोसळली. लोक झोपेत होते. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यात लहान मुलं किती होती ते आठवलं तरी बोलवत नाही. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यात तळाशी गोदाम आणि वर बिऱ्हाडं असलेली इमारत बसली, आठ माणसं मेली. भाडं कमी असण्याचं कारण भिंतीत असेल तर ते घर स्वस्त नव्हे. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते. तीत 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, रिकामीच करायची. ती यादी बघितल्याशिवाय जुन्या इमारतीत पाऊल टाकू नका. आणि यादीत नाव नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. खांबाचा गिलावा सुटून आतली सळई तांबूस दिसत असेल, वरच्या मजल्यावर माग बसवलेले असतील आणि ते सुरू झाल्यावर हाताखालची भिंत थरथरत असेल, तर दलालाचं पुढचं वाक्य ऐकायला थांबू नका.

पावसाचंही तेच. कामवारी नदी चढली की तीनबत्ती, ईदगाह रोड, खाडीपार, नदीनाका भागात पाणी शिरतं. एप्रिलमध्ये खोली बघणाऱ्याला हे कळत नाही. त्यानं तळमजल्याच्या भिंतीवर ओलीचा डाग कुठवर चढला आहे तो बघावा. शेजारच्या दुकानदारानं माल जमिनीपासून किती उंच फळीवर ठेवलाय ते बघावं. दुकानदार स्वतःच्या मालाबाबत खोटं बोलत नाही.

'हेवी डिपॉझिट' या प्रकाराबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण यात गरीब माणूस सर्वांत जास्त फसतो. भाडं द्यायचं नाही, त्याऐवजी एक मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवायची, सोडताना परत घ्यायची. ऐकायला छान. गावची जमीन विकून, दागिने मोडून लोक ती रक्कम भरतात. हातात काय येतं? स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का. घरमालकानं ते पैसे मुलीच्या लग्नात, नव्या मागात घातलेले असतात. सोडायच्या वेळी तो म्हणतो, नवा भाडेकरू आला की देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, न केल्यास दंड किंवा कैदही होऊ शकते. आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दोन्हींत फरक न कळल्यामुळे या तालुक्यात किती कुटुंबं डिपॉझिट परत मिळायची वाट बघत त्याच खोलीत अडकून पडली आहेत ते वकिलांना विचारा.

मग परवडणारी आणि मिश्र वस्ती ओळखायची कशी? दलालाबरोबर दुपारी तीन वाजता जाऊन नव्हे. नळाला पाणी येतं त्या वेळी जावं. रांग एक आहे की दोन, हे तेव्हाच दिसतं. शाळा सुटायच्या वेळी जावं. आपल्या पालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत. मला त्यात गैर वाटत नाही, मातृभाषेत शिकणं हा मुलांचा हक्क आहे. पण फाटकाबाहेर मुलं मिसळून खेळतात की आपापल्या रस्त्यानं निघून जातात, ते बघण्यासारखं असतं. शुक्रवारी, माग बंद असतात तेव्हा जावं. त्या दिवशी गल्ली घरी असते. चहाच्या हॉटेलात एका बाकावर कोण कोण बसलंय ते बघावं. आणि जमलं तर गणपतीच्या किंवा ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीला जावं. मिरवणूक दुसऱ्यांच्या दारावरून जाताना पाणी कोण देतं, खिडक्या कोण लावून घेतं, हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. बाईनं मात्र एक फेरी रात्री मारावीच, सोबत घेऊन का होईना. जिथे एकट्या पुरुषांच्या खोल्याच आहेत आणि बिऱ्हाडं नाहीत, तिथे घर कितीही स्वस्त असलं तरी कुटुंबानं जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. पुरुष वाईट असतात म्हणून नव्हे. तिथे शाळा, दवाखाना, संध्याकाळी दारात बसलेली म्हातारी, यातलं काहीच नसतं.

हे सगळं बघून कुटुंबानं गल्ली निवडली, दारावर पाटी दिसली, फोन लावला. पहिला प्रश्न काय येतो? "आडनाव काय?" दुसरा, "व्हेज की नॉनव्हेज?" भाडं किती देणार हे तिसऱ्या नंबरावर. मुंबईत हे चालतं, पुण्यात चालतं, आणि कशेळी-काल्हेरच्या नव्या टॉवरांतही चालू झालं आहे. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांना नकार जास्त, आणि घर मिळालंच तर अटी जास्त, हे त्यात दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध धरला. त्या निकालाबद्दल आदर ठेवून मी म्हणतो की तो नागरिकांच्या हिताचा नव्हता. सिंगापूरनं १९८९ मध्ये उलट टोक गाठलं. सरकारी इमारतींत कुठल्या वंशाची किती घरं असावीत याचा कोटा ठरवला. वस्त्या मिसळल्या, पण घर विकताना अल्पसंख्याकांना गिऱ्हाईक कमी मिळू लागलं. आपल्याकडे असा कायदा होईल असं मला वाटत नाही, आणि झाला तर पहिला गोंधळ भिवंडीतच होईल.

म्हणून कायद्याची वाट न बघता मी बोलतो आहे ते इथे बसलेल्या घरमालकांशी. या सभागृहात भाडेकरूंपेक्षा घरमालक जास्त आहेत, हे मला ठाऊक आहे. मेट्रो येईल तेव्हा इथले दर चढतील. जुन्या चाळी पाडून टॉवर होतील, टॉवरला फाटक येईल, फाटकाला नियमावली येईल. आज घर स्वस्त आहे म्हणून गल्लीत जी थोडी सरमिसळ टिकली आहे ती दर चढल्यावर आपोआप टिकणार नाही. ती टिकवायची असेल तर आत्ता, घरं अजून साध्या माणसाला परवडतात तोवर, दोन गोष्टी करता येतील. भाडेकरार निबंधक कार्यालयात नोंदवा, डिपॉझिटची खरी रक्कम त्यात लिहा. आणि खोली रिकामी झाली की तिची खबर फक्त समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. नाक्यावरच्या किराणा दुकानात पाटी लावा, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत, आणि पहिला जो भाडं देऊ शकेल त्याला किल्ली द्या.